गोलकाच्या गाभ्यातला मृत्यू

काचबशीच्या तळाला चिकटून एका थरात वाढणाऱ्या कर्कपेशींपैकी किती मेल्या, हे मोजणे फारसे अवघड नसते. प्रत्येक पेशीला सारखेच अन्न, सारखाच प्राणवायू आणि सारखेच औषध मिळालेले असते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक पेशी दिसते. त्याच पेशी एकमेकींना धरून गोळा होऊन वाढू लागल्या की हा हिशेब मोडतो. गोळ्याचा व्यास साधारण अर्ध्या मिलिमीटरपुढे गेला की औषधाचा थेंबही न देता त्याच्या मध्यभागी पेशी मरू लागतात. बाहेरच्या पेशी त्याच वेळी जोमाने विभागत असतात. अशा गोळ्याला औषध दिल्यावर शंभरातल्या तीस पेशी मेलेल्या आढळल्या, तर त्या औषधाने मेल्या की उपासमारीने, आणि उरलेल्या सत्तरांतली एखादी पुन्हा गाठ उभी करील का, हे त्या आकड्यातून कळत नाही. त्रिमितीय अर्बुदसंवर्धनातील पेशीमृत्यूच्या मोजणीचा इतिहास हा मुख्यतः या दोन प्रश्नांशी झालेल्या झटापटीचा इतिहास आहे.

पेशी शरीराबाहेर वाढवण्याची सुरुवात सपाट पृष्ठभागावर झाली नव्हती. १९०७ मध्ये अमेरिकेत रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या भ्रूणातील चेताऊतीचा तुकडा लसीकेच्या लोंबत्या थेंबात ठेवला आणि त्यातून तंतू फुटताना पाहिले. पुढे मात्र काचेवर पसरणाऱ्या पेशीच सोयीच्या ठरल्या. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतल्या पेशी अखंड वाढू लागल्या, आणि ‘हेला’ या नावाने त्या जगभर पोहोचल्या. याच गाय यांच्याकडे ऊतिसंवर्धनाचे तंत्र शिकलेल्या कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. भारतात या विद्येचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव पहिल्या ओळीत येते.

मेलेली पेशी ओळखण्याची तेव्हाची रीत रंगाची होती. विसाव्या शतकाच्या आरंभी परजीवींवरच्या औषधांच्या शोधात हाती आलेला ट्रायपॅन ब्लू हा रंग जिवंत पेशीच्या पटलातून आत शिरत नाही. पटल फुटले की पेशी निळी होते. निळ्या आणि बिनरंगी पेशी मोजायच्या की काम झाले. या सोप्या कसोटीला पहिला मोठा धक्का डेन्व्हरमध्ये बसला. थिओडोर पक आणि फिलिप मार्कस यांनी १९५५-५६ मध्ये हेला पेशी एकेकट्या पेरून, प्रत्येक पेशीपासून वसाहत उगवते का, हे पाहिले. क्ष-किरणांचा मारा झालेल्या अनेक पेशी धडधाकट दिसत, अन्न घेत, कधी आकाराने फुगत, पण त्यांची वसाहत होत नसे. कर्करोगाच्या दृष्टीने अशी पेशी मेल्यातच जमा, कारण गाठ पुन्हा उभी करण्याची तिची ताकद संपलेली असते. साधारण ५० पेशींची वसाहत झाली तरच मूळ पेशी जगली असे धरायचे, हा संकेत त्यानंतर रूढ झाला. एका पेशीला ५० पेशी होण्यासाठी पाच-सहा वेळा विभागावे लागते, म्हणून ही मोजणी एका दिवसात उरकत नाही. निकालाला एक-दोन आठवडे लागतात. इतकी संथ असूनही आजवर दुसरी कोणतीही कसोटी तिच्याइतकी विश्वासार्ह ठरलेली नाही.

१९५५ मध्येच ब्रिटनमध्ये आर. एच. थॉमलिन्सन आणि एल. एच. ग्रे यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या छेदांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या गाठींत कर्कपेशींचे दोर दिसत. दोराच्या बाहेरून रक्तवाहिन्या जात आणि मध्ये मृत पेशींचा गाभा असे. त्रिज्या १६० मायक्रोमीटरपेक्षा कमी असलेल्या दोरांत मृत गाभा आढळला नाही, आणि २०० मायक्रोमीटरपेक्षा जास्त त्रिज्येचा एकही दोर मृत गाभ्याशिवाय सापडला नाही. रक्तवाहिनीतून निघालेला प्राणवायू वाटेतल्या पेशी वापरत जातात, तो किती अंतरावर संपेल याचे गणित दोघांनी मांडले आणि ते या मापांशी जुळले. याचा उपचाराशी थेट संबंध होता. प्राणवायूविना असलेली पेशी मारायला किरणांची मात्रा अडीच ते तीन पट लागते. मृत गाभ्याच्या कडेला, मरणाच्या उंबरठ्यावर उपाशी असलेल्या पेशी म्हणूनच किरणोपचारातून वाचण्याची शक्यता सर्वांत जास्त. काचबशीतल्या एका थरात अशी पेशी असतच नाही. ती प्रयोगशाळेत घडवायची, तर गाठीसारखा जाड गोळाच हवा होता.

पेशी गोळा होतात हे भ्रूणशास्त्रज्ञांना ठाऊक होते. १९४४ मध्ये योहानेस होल्टफ्रेटर यांनी उभयचरांच्या भ्रूणपेशी न चिकटणाऱ्या पृष्ठभागावर ठेवून त्यांचे गोळे बनवले होते, आणि पन्नाशीच्या दशकात ॲरन मॉस्कोना यांनी ट्रिप्सिन या विकराने सुट्या केलेल्या पेशी फिरत्या फ्लास्कमध्ये पुन्हा एकत्र आणल्या. कर्करोगासाठी याचा पद्धतशीर वापर मात्र कॅनडात, ओंटारिओ प्रांतातल्या लंडन शहरात झाला. रॉबर्ट सदरलँड, विल्यम इंच आणि जॉन मॅक्रेडी यांनी १९७० आणि १९७१ मध्ये चिनी हॅम्स्टरच्या व्ही-७९ पेशींच्या गोलकांविषयी लेख प्रसिद्ध केले. पोषकद्रव सतत ढवळणाऱ्या फ्लास्कमध्ये पेशींना तळाशी बसायला उसंत मिळत नाही. त्या एकमेकींना चिकटतात आणि काही आठवड्यांत टाचणीच्या डोक्याएवढे पांढरट, गुळगुळीत गोलक द्रवात तरंगू लागतात. असा गोलक मेणात बसवून, पातळ काप काढून, रंगवून पाहिला की तीन पट्टे दिसतात. बाहेर गर्द केंद्रकांच्या, विभागणाऱ्या पेशींची कड. तिच्या आत जिवंत पण विभागणी थांबवलेल्या, दाटीने बसलेल्या पेशी. मधोमध फिकट गुलाबी, केंद्रके विरघळलेला चोथा. किरणोत्सारी थायमिडीन दिले तर ते बाहेरच्या पट्ट्यातल्या केंद्रकांत जमा होते, आतल्या पट्ट्यात क्वचितच. थॉमलिन्सन आणि ग्रे यांच्या दोरात रक्त बाहेर आणि मृत्यू आत होता. गोलकात रक्ताच्या जागी पोषकद्रव आला, एवढाच फरक.

आता मोजायचे कसे? पहिला मार्ग सरळ होता: गोलकावर किरणे सोडायची, ट्रिप्सिनने तो सुट्या पेशींत फोडायचा आणि पक यांच्या रीतीने वसाहती उगवायच्या. यातून १९७२ मध्ये राल्फ ड्युरँड आणि सदरलँड यांना एक अनपेक्षित निष्कर्ष मिळाला. गोलकात असताना किरणे झेललेल्या पेशी, त्याच जातीच्या सुट्या पेशींपेक्षा जास्त प्रमाणात जगत होत्या, आणि प्राणवायूचा तुटवडा हे त्याचे पुरेसे कारण नव्हते. शेजारच्या पेशीचा नुसता स्पर्श किरणांनी झालेली इजा दुरुस्त करण्याच्या क्षमतेशी निगडित होता. औषधांच्या बाबतीतही तसेच दिसले. १९९३ मध्ये टोरंटोत रॉबर्ट केर्बेल यांच्या गटाने उंदराच्या स्तनाच्या अर्बुदपेशी घेतल्या. उंदराच्या शरीरात त्यांनी कमावलेला औषधविरोध सपाट काचबशीत दिसेनासा होई आणि पेशी गोलकात वाढवल्या की परत येई. सपाट काचबशीवर वर्षानुवर्षे केलेली औषधांची चाळणी यातले बरेच काही निसटू देत होती, हे स्पष्ट झाले.

पण गोलक संपूर्ण फोडला की कोणती पेशी कुठे होती हे कायमचे हरवते. ते जपण्याच्या दोन युक्त्या या इतिहासातल्या सर्वांत देखण्या म्हणाव्या लागतील. जेम्स फ्रायर आणि सदरलँड यांनी १९८० मध्ये सौम्य ट्रिप्सिनाने गोलक थराथराने सोलण्याची रीत मांडली: थोडा वेळ विकर, वरचा थर सुटला की तो काढून घ्यायचा, मग पुन्हा विकर. प्रत्येक थराच्या पेशी वेगळ्या मोजता येत. व्हँकुव्हरला ड्युरँड यांनी रंगाकडूनच हे काम करून घेतले. होक्स्ट ३३३४२ हा चमकणारा रंग डीएनएला घट्ट चिकटतो आणि गोलकात सावकाश झिरपतो. वीसेक मिनिटे रंगात ठेवलेल्या गोलकाच्या बाहेरच्या पेशी झगझगीत होतात, आतल्या मंद, गाभ्याजवळच्या जवळजवळ अंधाऱ्या. त्यानंतर गोलक फोडला तरी प्रत्येक पेशी स्वतःची खोली सोबत घेऊन फिरते. पेशी एकामागून एक लेझरसमोरून नेणारे यंत्र त्यांना चमकेनुसार वेगवेगळ्या नळ्यांत टाकते आणि प्रत्येक नळीतल्या पेशींच्या वसाहती उगवता येतात. या पद्धतीने औषधाचा मारा कितीशा खोलीपर्यंत जातो, याचा पहिल्यांदाच आलेख काढता आला. ॲड्रियामायसिनसारखे औषध बाहेरच्या पेशींचा संहार करते आणि आतल्यांपर्यंत नीट पोहोचतच नाही, हे अशा प्रयोगांत उघड झाले. व्हँकुव्हरमध्येच पेगी ऑलिव्ह यांनी १९९० मध्ये एकेका पेशीतल्या तुटलेल्या डीएनएची शेपूट विद्युतक्षेत्रात लांबवून पाहणारी धूमकेतू-चाचणी या कामाला जोडली.

दरम्यान गाभ्यातल्या पेशी नेमक्या कशाने मरतात, याचाही तपास चालू होता. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी वोल्फगांग म्युलर-क्लीझर आणि सदरलँड यांनी काही मायक्रोमीटर टोकाचे विद्युत-अग्र गोलकात खुपसून आतल्या प्राणवायूचा दाब बिंदूबिंदूने मोजला. काही जातींच्या पेशींत मृत गाभ्याच्या सीमेवर प्राणवायू संपलेला आढळला, तर काहींत तो शिल्लक असतानाच पेशी मेलेल्या होत्या. ग्लुकोजचा तुटवडा, साचलेले आम्ल, टाकाऊ द्रव्ये यांचाही हात त्यात होता. म्हणजे मृत गाभ्याचा आकार पाहून प्राणवायूचा अंदाज बांधणे धोक्याचे होते, आणि एका जातीच्या गोलकाचे मोजमाप दुसऱ्या जातीला लावणेही.

मृत्यूची जात वेगळी असू शकते हे या काळात दुसऱ्याच दिशेने कळत होते. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन विद्यापीठात जॉन केर, अँड्र्यू वायली आणि ॲलस्टेर करी यांनी १९७२ मध्ये ॲपॉप्टोसिसचे वर्णन केले: पेशी आक्रसते, केंद्रकाचे तुकडे होतात, पटलाच्या पुड्यांत बांधलेले हे तुकडे शेजारच्या पेशी गिळून टाकतात. फुगून फुटणाऱ्या नेक्रोसिसहून हा प्रकार वेगळा, आणि पेशीच्या स्वतःच्या यंत्रणेने घडवलेला. ती यंत्रणा कॅस्पेज या विकरांची आहे, हे नव्वदीच्या दशकात, एका सूक्ष्म कृमीवरच्या रॉबर्ट हॉर्विट्झ यांच्या कामातून उलगडले. मोजणीची नवी साधनेही त्याच दशकात आली. तुटलेल्या डीएनएची टोके रंगवणारी ट्यूनेल ही चाचणी १९९२ मध्ये इस्रायलमध्ये प्रसिद्ध झाली. पेशीपटलाच्या आतल्या बाजूचे एक मेदद्रव्य बाहेर उलटले की त्याला चिकटणारे ॲनेक्सिन-व्ही पाठोपाठ वापरात आले.

गोलकांवर ही साधने वापरताना अडचणी लगेच उभ्या राहिल्या. ट्यूनेल ॲपॉप्टोसिसबरोबर नेक्रोसिसमधल्या तुटक्या डीएनएलाही रंगवते, त्यामुळे गाभा सगळाच रंगतो. ॲनेक्सिनसाठी पेशी सुट्या कराव्या लागतात, आणि ट्रिप्सिनाचा व्रण पेशीपटलावरच उठतो. शरीरात मेलेल्या पेशी काही तासांत गिळल्या जातात; गोलकात त्यांना उचलणारे कोणी नसते, म्हणून कालची आणि आजची प्रेते एकत्र मोजली जातात. स्टीव्हन फ्रिश आणि एच. फ्रान्सिस यांनी १९९४ मध्ये दाखवले की आवरण-ऊतीच्या पेशींचा आधार सुटला की त्या आपोआप ॲपॉप्टोसिसने मरतात. मोजण्यासाठी पेशी सोडवणे हेच काही वेळा मरणाचे कारण ठरू शकते, हे त्यातून ओघानेच आले.

गाठीऐवजी निरोगी ऊतीची घडण उभी करणाऱ्या संशोधकांनी या चित्रात मोलाची भर घातली. बर्कलीच्या मिना बिसेल यांनी उंदराच्या एका अर्बुदातून काढलेल्या आधारद्रव्याच्या जेलमध्ये मानवी स्तनाच्या पेशी वाढवल्या. निरोगी पेशी पोकळ पिशवीसारख्या रचनेत मांडल्या जात आणि कर्कपेशी अस्ताव्यस्त ढीग करत. हार्वर्डमध्ये जोन ब्रुग यांच्या गटाने २००२ मध्ये दाखवले की ती पोकळी तयार होण्यात मधल्या पेशींच्या ॲपॉप्टोसिसचा मोठा वाटा असतो. इथे गोलकाच्या मध्यातला मृत्यू रोगाचे लक्षण नसून सुदृढ रचनेचे लक्षण ठरतो. मृत पेशींची संख्या तेवढी पाहणाऱ्याला निरोगी पिशवी आणि उपाशी गाठ यांतला भेद कळणार नाही.

औषधकंपन्यांना एवढ्या बारकाईची सवड नव्हती. त्यांना एका दिवसात हजारो नमुने तपासायचे होते. जॉन युहास यांनी १९७७ मध्ये ॲगारचा लेप दिलेल्या खोबणीत गोलक बनवण्याची सोपी रीत दिली होती, तिच्यामुळे ९६ खोबण्यांच्या तबकात ९६ सारखे गोलक मिळू लागले. मोजणीसाठी १९८३ ची टिम मोझमन यांची एमटीटी चाचणी हाताशी होती, ज्यात जिवंत पेशी पिवळ्या द्रव्याचे जांभळे स्फटिक करतात. सपाट थरात ती उत्तम चालते. गोलकात पिवळे द्रव्य आत नीट शिरत नाही, स्फटिक बाहेर नीट विरघळत नाहीत, आणि विश्रांती घेणारी पेशी जिवंत असूनही फारसे स्फटिक करत नाही. फुटलेल्या पेशींतून द्रवात उतरलेले लॅक्टेट डिहायड्रोजनेज मोजण्याची रीतही आहे, पण गाभ्यातले विकर बाहेर यायला वेळ लागतो आणि द्रवात ते हळूहळू निकामी होते.

सर्वांत टिकाऊ उपाय काजव्यांकडून आला. १९४७ मध्ये विल्यम मॅकेलरॉय यांनी काजव्याच्या प्रकाशाला एटीपी हे पेशीचे ऊर्जाद्रव्य लागते, हे बाल्टिमोरमध्ये सिद्ध केले. शहरातल्या मुलांकडून ते शंभर काजव्यांमागे २५ सेंट देऊन काजवे गोळा करून घेत. पेशी मेली की तिचे एटीपी झपाट्याने संपते, म्हणून गोलक तीव्र द्रावणाने पूर्ण फोडून काजव्याचे विकर घातले की प्रकाशाच्या तेजावरून जिवंत पेशींचा अंदाज येतो. गोलकांसाठी हे द्रावण मुद्दाम अधिक जोरकस केले गेले. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत स्टिग लिंडर यांच्या गटाने मात्र थेट मृत्यूच मोजायचे ठरवले: कॅस्पेजांनी कापलेल्या केराटिन-१८ या प्रथिनाचा तुकडा ओळखणारे प्रतिद्रव्य वापरून त्यांनी २००८ मध्ये गोलकांवर औषधांची चाळणी केली. ॲपॉप्टोसिस झाल्याचा हा ठोस पुरावा. पण केराटिन-१८ असलेल्या आवरण-ऊतीच्या गाठींपुरताच.

प्रतिमा घेऊन मोजणे सर्वांत नैसर्गिक वाटते, आणि फसवतेही तेच सर्वांत जास्त. जिवंत पेशी हिरव्या आणि मृत पेशी लाल करणाऱ्या रंगजोडीत गोलक ठेवून कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाने मधला छेद घेतला, की पुष्कळदा बाहेर हिरवे कडे आणि आत काळी पोकळी दिसते. ती पोकळी मृत असेलच असे नाही. रंग तिथवर पोहोचलेला नसतो, किंवा आतला प्रकाश दाट पेशींत विखुरल्यामुळे भिंगापर्यंत परत येत नाही. शंभरेक मायक्रोमीटरपलीकडे साध्या कॉन्फोकलची नजर मंदावते. अर्न्स्ट स्टेल्झर यांच्या गटाने २००४ मध्ये हायडेलबर्गमध्ये मांडलेले, बाजूने प्रकाशाचा पातळ पडदा टाकणारे सूक्ष्मदर्शक, आणि ऊती पारदर्शक करण्याच्या रीती यांनी ही मर्यादा बरीच मागे ढकलली. तरीही रंगाला झिरपायला किती वेळ दिला, हे प्रत्येक चित्राखाली लिहिलेले असायला हवे. ते नसेल तर चित्रावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही.

मृत्यूच्या जातीही वाढत गेल्या. २००५ मध्ये नेक्रॉप्टोसिस आणि २०१२ मध्ये लोहावर अवलंबून असलेला फेरॉप्टोसिस यांची वर्णने आली. औषध पेशी मारते की नुसती वाढ रोखते, हा जुना घोळ सोडवण्यासाठी २०१६ मध्ये हार्वर्डमधून वाढीच्या वेगावर आधारलेली मापनपद्धत सुचवली गेली. गोलकांना तिची विशेष गरज आहे, कारण त्यांतल्या पेशींचा मोठा भाग मुळातच थांबलेला असतो. दुसऱ्या टोकाला, किरणोपचाराच्या अभ्यासकांनी पक यांची कसोटी गोलक न फोडता लागू केली. उपचारानंतर गोलक तसेच आठवडेच्या आठवडे जपायचे आणि किती गोलक पुन्हा वाढतात ते पाहायचे. ज्या मात्रेला निम्मे गोलक कायमचे थांबतात ती मात्रा नोंदवायची. रुग्णाच्या गाठीबद्दल डॉक्टर विचारतो तोच प्रश्न हा प्रयोग विचारतो.

हान्स क्लेव्हर्स यांच्या उत्रेख्तमधल्या प्रयोगशाळेत २००९ मध्ये तोशिरो सातो यांनी आतड्याच्या मूळपेशींपासून ऑर्गनॉइड, म्हणजे अवयवासारखी मांडणी असलेले चिमुकले पेशीसमूह, वाढवले, आणि लवकरच रुग्णांच्या गाठींचे ऑर्गनॉइडही तयार होऊ लागले. लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कॅन्सर रिसर्चमधून २०१८ मध्ये पचनमार्गाच्या पसरलेल्या कर्करोगांवर झालेल्या अभ्यासात ऑर्गनॉइडवरचे निकाल आणि रुग्णांना आलेला गुण यांची तुलना केली गेली: १०० टक्के संवेदनक्षमता, ९३ टक्के विशिष्टता. ज्या औषधाने ऑर्गनॉइड मेले नाहीत, त्याचा त्या रुग्णांना उपयोग झाला नव्हता. रुग्णांची संख्या लहान होती, तरी दिशा दिसली. अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये नव्या औषधांसाठी प्राण्यांवरील चाचण्यांची कायदेशीर सक्ती काढली, आणि भारतानेही २०२३ मध्ये औषधचाचणी नियमांत बदल करून ऑर्गनॉइडसारख्या पर्यायांना वाट दिली.

प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, ही तक्रार त्यामुळे अधिक गंभीर झाली आहे. २०२१ मध्ये अनेक देशांच्या संशोधकांनी गोलकांविषयीची किमान माहिती कोणती द्यावी याचा आराखडा प्रसिद्ध केला. पेशींची जात, पोषकद्रव, गोलक बनवण्याची रीत आणि गोलकाचा आकार या चार गोष्टी निकाल सर्वाधिक बदलवतात, असे त्यांना आढळले. त्यांतला आकार हा सर्वांत सहज मोजता येणारा, आणि मृत गाभा आहे की नाही हे मोजणीपूर्वीच ठरवणारा. औषधचाचणीसाठी म्हणून अनेक प्रयोगशाळा मृत गाभा धरण्यापूर्वीचे, ४०० मायक्रोमीटरच्या आसपासचे गोलक निवडतात, आणि उपाशी पेशींवर औषधाचा परिणाम पाहायचा असेल तेव्हा मुद्दाम त्याहून मोठे.